‘ह्या खडकावर’: एका शब्दावर किती भार टाकायचा?

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 16 व्या अध्यायातलं 18 वं वचन आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत बहुतेकांना तोंडपाठ असतं. येशू आपल्या शिमोन या शिष्याला म्हणतो, तू पेत्र आहेस आणि ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरात हे वचन निघालं की पोप महागुरूंचा विषय निघतो. नगर, पुणे, सोलापूरकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत तेच वचन निघालं की उपदेशक बहुधा ग्रीकचा छोटा धडा देतात. ‘पेत्रोस’ म्हणजे हातात मावणारा खडा आणि ‘पेत्रा’ म्हणजे प्रचंड खडक. तेव्हा येशूच्या बोलण्याचा अर्थ असा की, शिमोना, तू नुसता खडा आहेस. मंडळी मी रचणार ती दुसऱ्याच खडकावर, म्हणजे स्वतः माझ्यावर किंवा ‘तू ख्रिस्त आहेस’ या तू आत्ता दिलेल्या कबुलीवर.

मी प्रोटेस्टंट परंपरेतच वाढलो. हा धडा लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि तो आता आपण थांबवावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो ग्रीकला धरून नाही. पोप हा पेत्राचा वारस म्हणून सर्वोच्च, या ज्या कॅथलिक दाव्याला उत्तर म्हणून तो दिला जातो, त्या दाव्याला त्याने उत्तरही मिळत नाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते: या धड्याच्या नादात मत्तयाने त्या प्रसंगात जे दाखवलं आहे, त्याकडे आपलं लक्षच जात नाही.

आधी शब्दांचं बघू. या दोन शब्दांत पूर्वी फरक होता, हे अगदीच खोटं नाही. होमरच्या महाकाव्यात पात्रोक्लस मुठीत मावेल असा दगड उचलून फेकतो, तो पेत्रोस. समुद्राकाठचे कडे, ज्यांवर लाटा आपटतात, ते पेत्रा. पण हा फरक काव्याच्या भाषेतला, आणि तिथेही तो पक्का नव्हता. सोफोक्लीझच्या नाटकात आंधळा इडिपस कोलोनसला पोचल्यावर न घडवलेल्या एका पाषाणावर टेकतो, त्यालाही शब्द पेत्रोस हाच आहे. माणूस ज्यावर बसतो त्याला खडा कोण म्हणेल? शिवाय हे सगळं मत्तयाच्या चारपाचशे वर्षं किंवा त्याहूनही आधीचं. पहिल्या शतकात बाजारात, बंदरात, पत्रव्यवहारात जी ग्रीक चालायची तिच्यात साध्या दगडाला लिथोस म्हणत. संपूर्ण नव्या करारात पेत्रोस हा शब्द ‘दगड’ या सामान्य अर्थाने एकदाही येत नाही. येतो तो फक्त शिमोनाचं नाव म्हणून. खड्याला ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे, प्सेफोस. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात विजय मिळवणाऱ्याला पांढरा खडा मिळेल असं म्हटलं आहे, तिथे तोच शब्द वापरला आहे. मत्तयाला ‘तू लहान दगड, पण मी बांधणार मोठ्या खडकावर’ असं म्हणायचं असतं, तर लिथोस त्याच्या हाताशी होता. तो शब्द तो सर्रास वापरतो. सत्ताविसाव्या अध्यायात अरिमथाईकर योसेफाची कबर ‘पेत्रा’त खोदलेली आहे आणि तिच्या तोंडाशी मोठा ‘लिथोस’ लोटलेला आहे, दोन्ही शब्द एकाच वाक्यात. हा फरक त्याला माहीत होता. सोळाव्या अध्यायात त्याने तो केला नाही.

मग पेत्रोस आणि पेत्रा असे दोन शब्द का? कारण पेत्रा स्त्रीलिंगी आहे आणि शिमोन पुरुष. आपल्याकडे धोंड्यावरून धोंडू, धोंडिबा, धोंडो होतं आणि दगडावरून दगडू. मुलं जगत नसली की आईबाप नजर लागू नये म्हणून अशी नावं ठेवत. नावाला माणसाचा प्रत्यय लागला म्हणून धोंडू म्हणजे लहान धोंडा असं मराठी माणूस कधी म्हणणार नाही. ‘तू धोंडू, आणि या धोंड्यावर मी घर बांधीन’ असं कुणी म्हटलं, तर ते धोंडूविषयीच चाललं आहे हे पोरसुद्धा सांगेल. ग्रीक ऐकणाऱ्यालाही तसंच ऐकू गेलं असणार. आणि दोन वाक्यांच्या मध्ये ‘काय’ हे ग्रीक अव्यय आहे, ज्याचा अर्थ ‘आणि’. उपदेशात मात्र त्याचा ‘पण’ होतो. ग्रीकमध्ये ‘पण’साठी शब्द आहेत आणि मत्तय ते वापरतोही. इथे ‘पण’ नाही.

त्याहून मोठा पुरावा खुद्द नव्या करारातच आहे. योहानाच्या पहिल्या अध्यायात येशू शिमोनाला सांगतो की तुला केफा म्हणतील, आणि लेखक लगेच सांगतो की याचं भाषांतर पेत्र. केफा हा अरामी शब्द, येशूच्या आणि गालीलच्या कोळ्यांच्या घरच्या बोलीतला, आणि त्याचा अर्थ खडक, पाषाण. पौल तर या माणसाला बहुतेक वेळा केफाच म्हणतो. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, गलतीकरांच्या पत्रात ठिकठिकाणी हेच नाव आहे. गलतीकरांच्या दुसऱ्या अध्यायात मध्येच दोन ओळी पेत्र येतं आणि पुढे पुन्हा केफा. म्हणजे सुरुवातीच्या मंडळ्यांना हे एकच नाव दोन भाषांत माहीत होतं. अरामीत केफा हे पुरुषाचं नाव करताना शब्दाचं रूप बदलावं लागत नाही. पेशित्ता या जुन्या सिरियाक (अरामीचीच एक बोली) बायबलात दोन्ही जागी केफाच आहे: तू केफा, आणि या केफावर. खडा आणि कडा हा फरक तिथे करताच येत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: देवप्रेरित वचन ग्रीकमध्ये आहे, मग मागच्या अरामीत कशाला शिरायचं? बोलणं ठीक आहे. पण केफा म्हणजे पेत्र हे समीकरण मी बाहेरून आणलेलं नाही, ते ग्रीक शुभवर्तमानातच छापलेलं आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. येशूला पेत्राविषयीच बोलायचं होतं तर तो सरळ ‘तुझ्यावर’ का म्हणाला नाही, ‘ह्या खडकावर’ का म्हणाला? माझ्या मते याचं उत्तर प्रसंगाच्या घडणीत आहे. पेत्र म्हणतो, ‘तू ख्रिस्त आहेस.’ येशू उलट म्हणतो, ‘तू पेत्र आहेस.’ एकाने दुसऱ्याला नाव दिलं, दुसऱ्याने पहिल्याला. नाव दिल्यावर त्या नावाचा अर्थ उलगडून सांगायचा तर तो शब्द पुन्हा उच्चारावाच लागतो. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात अब्रामाचं अब्राहाम होतं तेव्हाही नाव आणि त्यामागचं काम लागोपाठच्या वाक्यांत येतं. आणि मत्तयात पुढच्याच वाक्यात येशू ‘तुला’ स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या देतो. मधल्या एका वाक्यापुरता त्याने पेत्राला बाजूला ठेवलं, असं मानायला मला तरी आधार दिसत नाही.

काही जण त्या जागेकडे बोट दाखवतात. फिलिप्पाचं कैसरिया हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथे उभा कडा आहे, पान या ग्रीक देवाची गुहा आहे, यार्देनेचा एक उगम आहे. येशूने त्या कड्याकडे हात केला असेल, असं रंगवून सांगतात. मत्तय फक्त ‘त्या भागात’ आल्यावर इतकंच लिहितो. कड्याचं नाव नाही.

इथवर वाचून माझे कॅथलिक मित्र खूश होतील. त्यांच्याशीही मला तितक्याच स्पष्टपणे बोलायचं आहे. खडक म्हणजे पेत्र, इतकं मान्य केलं की रोमच्या धर्माध्यक्षाचा, म्हणजे पोपचा, सर्वोच्च अधिकार सिद्ध झाला असं त्यांच्यातले पुष्कळ जण धरून चालतात. या दोन गोष्टींमध्ये फार मोठं अंतर आहे आणि ते एका शब्दाने भरून निघत नाही. वचनात रोम नाही, उत्तराधिकारी नाही, पोप श्रद्धेच्या शिकवणीत चुकत नाही, या अचूकतेचा प्रश्न तर नाहीच. रोममधल्या संत पेत्राच्या महामंदिराच्या घुमटात आतून गोलाकार हेच वचन लॅटिनमध्ये भल्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, आणि 18 जुलै 1870 रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपची अचूकता जाहीर केली त्या दस्तऐवजातही ते उद्धृत केलं आहे. पण परिषदेने ज्या परंपरेचा आधार घेतला, तीच या वचनाच्या बाबतीत एकमुखी नव्हती. सुरुवातीच्या शतकांतल्या आचार्यांपैकी ख्रिसोस्तोमने खडक म्हणजे पेत्राच्या कबुलीतला विश्वास असं सांगितलं. ओरिजेन म्हणाला, जो कुणी पेत्रासारखी कबुली देतो तो खडक. ऑगस्टिनचं उदाहरण तर मला फार मोलाचं वाटतं. त्याने आधी पेत्राला खडक म्हटलं होतं. नंतर तो ख्रिस्ताला खडक म्हणू लागला. म्हातारपणी, आपल्या सगळ्या लेखनाची उजळणी करताना, त्याने दोन्ही मतं वाचकासमोर ठेवली आणि कुठलं जास्त पटतं ते वाचकाने ठरवावं असं लिहिलं. मला त्याचं नंतरचं मत पटत नाही. त्याचा युक्तिवाद पेत्रुस आणि पेत्रा या लॅटिन रूपांवर उभा आहे, आणि शाळेत ग्रीकचा आपल्याला तिटकारा होता हे त्यानेच सांगून ठेवलं आहे. तरी पश्चिमेकडच्या चर्चचा एवढा मोठा आचार्य हा प्रश्न वाचकावर सोपवतो, याची नोंद दोन्ही बाजूंनी घ्यायला हवी.

कॅथलिकांचा सर्वांत भक्कम मुद्दा खडकाचा नसून किल्ल्यांचा आहे. यशयाच्या बाविसाव्या अध्यायात राजवाड्याचा कारभारी शेबना याला काढून एल्याकीमला नेमतात, आणि दाविदाच्या घराण्याची किल्ली त्याच्या खांद्यावर देतात. त्याने उघडलेलं कुणी बंद करू शकत नाही, त्याने बंद केलेलं कुणी उघडू शकत नाही. मत्तयाच्या डोळ्यांसमोर हा उतारा असणार. किल्ली हे पदाचं चिन्ह आहे आणि पद एकाकडून दुसऱ्याकडे जातं, हा त्यांचा युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे. त्याला ‘खडा आणि खडक’ हे उत्तर देणं म्हणजे प्रश्नच न ऐकणं. खरं उत्तर द्यायचं तर तेही शास्त्रातूनच द्यायला हवं. किल्ल्यांबरोबर पेत्राला मिळालेला बांधण्याचा आणि सोडण्याचा अधिकार अठराव्या अध्यायात सगळ्या शिष्यांना मिळतो. इफिसकरांच्या पत्रात पाया म्हणजे प्रेषित आणि संदेष्टे, आणि कोनशिला ख्रिस्त. प्रकटीकरणात नव्या नगरीच्या तटाला बारा पाये आहेत आणि त्यांवर बारा प्रेषितांची नावं. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात, यरुशलेमच्या सभेत, पेत्र बोलतो पण शेवटचा निर्णय तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब मांडतो. आणि यशयाच्या त्याच अध्यायाच्या शेवटी, एल्याकीमला ज्या भक्कम जागी ठोकलेल्या खुंटीची उपमा दिली, ती खुंटी एक दिवस उपटून पडेल असंही लिहिलं आहे.

ऑस्कर कुलमान या ल्यूथरन विद्वानाने 1952 साली नेमकी ही भूमिका घेतली: खडक पेत्रच, पण ते काम एकदाच व्हायचं होतं, पाया पुन्हा पुन्हा घालत नाहीत. अमेरिकेतल्या ल्यूथरन आणि कॅथलिक अभ्यासकांनी 1973 मध्ये एकत्र बसून नव्या करारातल्या पेत्रावर एक ग्रंथच काढला. बॅप्टिस्ट परंपरेतला डी. ए. कार्सन, ज्याला कुणी रोमचा पक्षपाती म्हणणार नाही, त्यानेही मत्तयावरच्या भाष्यात पेत्रोस आणि पेत्राचा भेद टिकत नाही असं लिहिलं आहे. म्हणजे मी इथे जे म्हणतो आहे ते अभ्यासकांच्या जगात जुनं झालं. आपल्या व्यासपीठांपर्यंत ते अजून पुरतं पोचलेलं नाही.

आणि आता त्या प्रसंगाकडे वळतो, कारण माझा जीव त्यातच आहे.

पेत्राला खडक म्हटल्यावर फक्त चार वचनं जातात. येशू आपल्या दुःखसहनाची आणि मरणाची गोष्ट काढतो. पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावू लागतो: असं तुझं कधीच होणार नाही. आणि तेविसाव्या वचनात येशू त्याला सैतान म्हणतो, आणि वर म्हणतो की तू मला ‘स्कांदालोन’ आहेस, अडखळण आहेस. ज्या यहुदी वाचकाला यशयाचा आठवा अध्याय माहीत आहे, त्याला इथे धक्का बसल्याशिवाय राहणार नाही, कारण तिथे ठेच लागण्याचा दगड आणि अडखळण्याचा खडक हे जोडीने येतात. मंडळीचा खडक आणि वाटेतला अडखळणारा दगड, दोन्ही एकच माणूस, एकाच संभाषणात. मत्तयाने हे शेजारी शेजारी ठेवलं ते सहज म्हणून नव्हे. तेराव्या अध्यायात पेरणाऱ्याच्या दाखल्यात काही बी खडकाळ जागी पडतं. येशू त्याचा अर्थ सांगतो: वचन आनंदाने घेणारा, पण मूळ नसल्याने संकट येताच अडखळणारा. मूळ ग्रीकमध्ये ती जमीन ‘पेत्रोदे’ आहे आणि ते अडखळणं ‘स्कांदालोन’च्याच कुळातलं क्रियापद आहे. हेच क्रियापद सव्विसाव्या अध्यायात पेत्र स्वतः तोंडात घेतो: सगळे अडखळले तरी मी कधीही अडखळणार नाही. त्याच रात्री कोंबडा आरवण्याआधी तो तीनदा नाकारतो.

मत्तयाच्या पुस्तकात पेत्रा हा शब्द पाचच ठिकाणी आहे. सातव्या अध्यायात दोनदा, शहाण्या माणसाचं घर त्यावर बांधलेलं आहे आणि पूर-वाऱ्याला पुरून उरलेलं आहे. मग सोळाव्यात एकदा. मग सत्ताविसाव्यात, येशूने प्राण सोडला तेव्हा खडक फुटले, आणि त्याला ठेवलं ती कबर खडकात खोदलेली होती. म्हणजे मत्तयाचा खडक नुसता भक्कमपणाचा नाही. तो आधार देतो, तो फुटतो, त्यात मृतालाही जागा होते. सातव्या अध्यायात खडकावर बांधणारा कोण, तर येशूची वचनं ऐकून तसं वागणारा. पेत्राला खडक म्हणणारा येशू आणि हा निकष सांगणारा येशू एकच. खडक हे त्याला मिळालेलं बक्षीस नव्हे, ती जबाबदारी आहे, आणि ती पेलताना तो कोलमडतो तेही मत्तय झाकून ठेवत नाही. खडा-खडक असा भेद केला की हे सगळं पुसलं जातं, कारण मग पेत्र आधीच क्षुल्लक ठरतो आणि क्षुल्लक माणूस पडला तर त्यात सांगण्यासारखं काय? दुसऱ्या बाजूने पेत्राला संस्थेच्या शिक्क्याचं रूप दिलं की तेविसावं वचन अवघडल्यासारखं होतं आणि भराभर वाचून टाकलं जातं. अंत्युखियात पौलाने केफाला तोंडावर विरोध केला, कारण याकोबाकडचे लोक येताच तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीतून उठला. पंगतीतून उठणं म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. आपल्या मंडळ्यांत आजही जातीची पंगत पूर्णपणे मोडलेली नाही, आणि पेत्राचं हे वागणं आपण क्वचितच उपदेशाला घेतो.

पेत्राच्या नावाने असलेल्या पहिल्या पत्रात तर स्वतःला खडक म्हणवून घेणारं एक वाक्य नाही. जिवंत दगड ख्रिस्त आहे, आणि वाचणारे तुम्हीही जिवंत दगड आहात, तुमचं आत्मिक घर बांधलं जातं आहे, असं ते पत्र म्हणतं. तिथला शब्द लिथोस. पाचव्या अध्यायात लेखक मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोध करतो तेव्हा स्वतःला सोबतीचा वडील म्हणतो, वरचा नाही.

मराठी ख्रिस्ती लोकांना मूळ भाषांचा वारसा नाही असं नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात राहून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांच्या निधनानंतर, 1924 साली ते तिथल्याच छापखान्यातून बाहेर पडलं, आणि त्याचे छपाईचे खिळे जुळवणाऱ्या मुक्तिसदनातल्या बायका होत्या. ग्रीक ही त्यांच्यासाठी समोरच्याला गप्प करण्याची वस्तू नव्हती, ती वाचायची होती. आज पुण्यात नगर रोडला ज्ञानदीप विद्यापीठात कॅथलिक विद्यार्थी ग्रीक शिकतात आणि बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरीत प्रोटेस्टंट विद्यार्थी तीच ग्रीक शिकतात. दोन्हींकडच्या मराठी विद्यार्थ्यांनी एकत्र बसून मत्तयाचा सोळावा अध्याय तेराव्यापासून अठ्ठाविसाव्या वचनापर्यंत सलग वाचावा, अठराव्या वचनाशी थांबू नये, आणि त्यावर साध्या मराठीत एक पुस्तिका काढावी. तिच्यात किल्ल्यांविषयीचा मतभेद मतभेद म्हणूनच छापावा. खडा आणि खडकाचा धडा मात्र तिच्यात नसावा, आणि उपदेशकांनीही तो आपल्या टिपणांतून काढून टाकावा.